एच. पायलोरीसाठी शौचाची तपासणी: गोळ्या कधी थांबवायच्या, नमुना कसा घ्यायचा, रिपोर्ट कसा वाचायचा

जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध घेण्यासाठी शौचाची अँटिजेन (जिवाणूच्या प्रथिनांचे तुकडे) तपासणी करतात. सुई टोचावी लागत नाही, नळी गिळावी लागत नाही, उपाशी राहायची गरज नाही. तपासणी इतकी सोपी वाटते की तिची तयारी फारशी कुणी मनावर घेत नाही. डबी मिळते, दुसऱ्या दिवशी नमुना जातो, संध्याकाळी ‘निगेटिव्ह’ असा रिपोर्ट येतो आणि सगळे निश्चिंत होतात. दरम्यान रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालूच असते. अशा वेळी त्या निगेटिव्ह रिपोर्टवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. या तपासणीचा निकाल लॅबमध्ये जेवढा ठरतो, तेवढाच आधीच्या दोन ते चार आठवड्यांत घेतलेल्या औषधांवर ठरतो. त्यामुळे औषधांच्या कॅलेंडरला या लेखात जास्त जागा दिली आहे.

हा जिवाणू पीळदार आकाराचा असतो आणि जठराच्या आतल्या चिकट थरात राहतो. युरिएज नावाचं विकर वापरून तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल सौम्य करून घेतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो प्रथम प्रयोगशाळेत वाढवला. त्याआधी अल्सरचा दोष ताणतणाव आणि तिखट खाण्यावर टाकला जायचा. या कामासाठी दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या गटात टाकलं होतं. लागण झालेल्या बहुतेकांना काहीही त्रास होत नाही, पण जठरातली सौम्य सूज जवळपास सगळ्यांमध्ये असते आणि लागण सहसा आपोआप जात नाही.

आधी चिठ्ठी नीट वाचा

‘स्टूल टेस्ट’ या एका नावाखाली किमान चार वेगळ्या तपासण्या येतात. गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो.

स्टूल रुटीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जंत, त्यांची अंडी, अमिबा, पू आणि रक्ताच्या पेशी पाहतात. स्टूल कल्चरमध्ये साल्मोनेला, शिगेला असे जुलाब घडवणारे जिवाणू वाढवून बघतात. ऑकल्ट ब्लड ही डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी आहे. या तिन्हींत एच. पायलोरी सापडत नाही. कल्चरमध्येही नाही, कारण जठरातून निघून आतड्यांचा लांब प्रवास करताना हे जिवाणू बहुतेक मेलेले असतात किंवा वाढण्याच्या अवस्थेत राहिलेले नसतात. शौचात येतात ते त्यांच्या प्रथिनांचे तुकडे, म्हणजेच अँटिजेन. तेव्हा ‘स्टूल कल्चर नॉर्मल आलं, म्हणजे पोटात जंतू नाहीत’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

चिठ्ठीवर ‘एच. पायलोरी स्टूल अँटिजेन’ असे शब्द हवेत. नमुना देताना काउंटरवर तेच नाव मोठ्याने उच्चारा आणि पावतीवर तेच छापलंय का ते पाहा. लॅबला आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: तपासणी एलायझा पद्धतीने (यंत्राने रंगाची तीव्रता मोजून) होते की झटपट पट्टीवर (रेघ डोळ्यांनी पाहून), आणि किट मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रकारची अँटिबॉडी (जंतूला ओळखून चिकटणारं प्रथिन) वापरणारं, आहे का? मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरणाऱ्या तपासण्या जुन्या पॉलिक्लोनल तपासण्यांपेक्षा जास्त विश्वासार्ह आहेत, विशेषतः उपचारानंतर. एलायझा साधारणपणे झटपट पट्टीपेक्षा सरस ठरते. दोन्ही मिळत असतील तर एलायझा निवडा.

रक्तातली अँटिबॉडी तपासणी हा याला पर्याय नाही. जिवाणू निघून गेल्यावरही अँटिबॉडी अनेक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे रक्त पॉझिटिव्ह आलं तर लागण आज आहे की पूर्वी होऊन गेली, हे कळत नाही. उपचार लागू पडले का हे पाहण्यासाठी तर तिचा उपयोगच नाही. शौचातला अँटिजेन आणि युरियाची श्वास तपासणी या दोन्ही सध्या चालू असलेली लागण दाखवतात आणि अचूकतेत जवळपास बरोबरीच्या आहेत. श्वास तपासणीसाठी उपाशी राहावं लागतं, शौचासाठी नाही. औषधांचे नियम मात्र दोन्हींना तेच.

ही तपासणी कुणी करावी, कुणी थेट दुर्बिणीकडे जावं

जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर आता असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, कारण न सापडलेली पोटदुखी आणि जळजळ बरेच दिवस चालू असेल, लोहाची कमतरता कशाने होते ते कळत नसेल, प्लेटलेट कमी होण्याचा आयटीपी हा आजार असेल, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ सुरू करायच्या असतील, किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टर ही तपासणी सांगतात. एकाच घरात राहणाऱ्या प्रौढांपैकी एकाला लागण निघाली तर बाकीच्यांचीही तपासणी करायला हरकत नाही, कारण संसर्ग प्रामुख्याने घरातच, बहुधा बालपणी, तोंडावाटे पसरतो.

पण रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी आणि चिकट शी, कारण नसताना उतरणारं वजन, गिळताना अडकणं, सतत उलट्या, वाढता ॲनिमिया यांतलं काहीही असेल, तर शौचाच्या डबीत वेळ घालवू नका. तिथे एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहणं, लागते. साठीच्या आसपास नव्याने सुरू झालेल्या तक्रारींनाही हाच नियम लावतात. रक्तस्राव चालू असताना शौचाच्या तपासणीचा निकालही बिघडतो. अशा वेळी आलेला निगेटिव्ह रिपोर्ट अंतिम मानत नाहीत, रक्तस्राव थांबल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

लहान मुलांचा हिशोब वेगळा. पोट दुखतंय म्हणून मुलाच्या शौचाची ही तपासणी करायची आणि पॉझिटिव्ह आली की अँटिबायोटिक सुरू करायचे, ही पद्धत बालरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये नाही. मुलांमध्ये पहिलं निदान एंडोस्कोपीतूनच करावं, असं त्या सांगतात. उपचार झाल्यावर जिवाणू गेला का हे पाहण्यासाठी मात्र शौचाची तपासणी मुलांनाही चालते.

औषधांचं कॅलेंडर

तीन गट लक्षात ठेवायचे.

पहिला गट म्हणजे आम्ल तयार होणंच बंद करणाऱ्या गोळ्या: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल वगैरे. यांना पीपीआय म्हणतात. नमुना देण्याआधी या किमान २ आठवडे बंद हव्यात. व्होनोप्राझन हे नवं औषध वेगळ्या मार्गाने काम करतं, पण त्यालाही हाच २ आठवड्यांचा नियम लावा. कारण साधं आहे. हा जिवाणू आम्लात राहायला सरावलेला आहे. आम्ल कमी झालं की जठराच्या खालच्या भागातली त्याची संख्या घटते. तो मरत नाही, फक्त शौचात उतरणारे त्याचे तुकडे तपासणीच्या पकडीखाली जातात. गोळी थांबवली की साधारण दोन आठवड्यांत संख्या पूर्ववत होते.

दुसरा गट अँटिबायोटिक्सचा: किमान ४ आठवडे. इथे ‘पोटासाठी नव्हे, दातासाठी घेतलं होतं’ हे चालत नाही. घशासाठी, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी, दात काढल्यावर, कशासाठीही पोटात घेतलेलं किंवा शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक मोजायचं. त्वचेवरचं मलम किंवा डोळ्यांत घालायचे थेंब मोजायची गरज नाही.

तिसरा गट बिस्मथ असलेल्या औषधांचा: तेही ४ आठवडे. जुलाब आणि अपचनासाठी चिठ्ठीविना मिळणाऱ्या काही औषधांत बिस्मथ असतं आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपण यांतलं काही घेतोय का हे शोधायचं असेल तर गोळीचं बाजारातलं नाव उपयोगाचं नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. मळमळीच्या आणि दुखण्याच्या कितीतरी जोडगोळ्यांत पीपीआय मिसळलेलं असतं. डॉक्टरांनी ‘गॅसची गोळी’ म्हणून दिलेली ती कॅप्सूल बहुधा हीच. नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ असेल तर संशय घ्यायचा, ही युक्ती बरीच कामाची आहे, पण एक अपवाद पाठ करून ठेवा: ॲरिपिप्राझोल हे मानसिक आजारावरचं औषध आहे. त्याचा आम्लाशी काही संबंध नाही आणि ते असं परस्पर बंद करायचं नसतं.

गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस जळजळ आधीपेक्षा जास्त वाटू शकते. बरेच दिवस दाबून ठेवलेलं आम्ल गोळी सुटताच उसळी मारून वाढतं. आजार बळावला असं समजून तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी घेतली जाते आणि मग दोन आठवड्यांची मोजणी शून्यापासून सुरू करावी लागते. या मधल्या काळात साधं अँटासिड पातळ औषध किंवा गोळी चालते, अल्जिनेट असलेलं औषध चालतं. फॅमोटिडीन या ॲसिडिटीच्या वेगळ्या गोळीचाही या तपासणीवर फारसा परिणाम होत नाही. काही लॅब ते एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगतात, तेव्हा आपल्या लॅबचा नियम विचारून घ्या. अँटासिड घेताना मात्र त्यात बिस्मथ नाही ना, हे पाहा.

काही जणांना पीपीआय थांबवणं धोक्याचं असतं: नुकताच रक्तस्राव झालेला अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या एकापेक्षा जास्त गोळ्या, अन्ननलिकेची तीव्र सूज. क्षयरोगाची औषधंही अँटिबायोटिकच आहेत, ती तपासणीसाठी कधीच थांबवायची नाहीत. हृदयासाठीचं ॲस्पिरिन तर या तपासणीच्या आड येतच नाही, ते चालू ठेवायचं. अशा परिस्थितीत तपासणी कधी आणि कशी करायची, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. पीपीआय चालू ठेवूनच तपासणी करावी लागली तर एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे: पॉझिटिव्ह आली तर ती सहसा खरी, निगेटिव्ह आली तर तिला अर्थ नाही.

कागदावर शेवटच्या गोळीची तारीख लिहा आणि त्यावरून नमुन्याची तारीख काढा. लॅबच्या फॉर्मवरही या तारखा लिहून द्या. फॉर्मवर तशी जागा नसली तरी रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना त्या लागतात.

नमुना घेणं

लॅबमधून रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, आतून कोरडी आणि स्वच्छ डबी आणा. झाकणाला आतून छोटा चमचा जोडलेला असतो. डबीत कुठलाही द्रव असेल तर विचारा. कल्चरसाठीचं पोषक माध्यम किंवा जंतांच्या तपासणीसाठीचं फॉर्मलिन घातलेली डबी बहुतेक अँटिजेन किटना चालत नाही. या तपासणीला काहीही न मिसळलेला ताजा नमुना हवा असतो. घरातल्या जाम-लोणच्याच्या बरण्या वापरू नका, धुतल्यावर साबणाचा अंश राहतो.

१. डबीवर आधीच नाव, वय, तारीख लिहून ठेवा. वेळेची जागा रिकामी ठेवा. भरल्यावर ओल्या हातांनी लिहायला गेलं की शाई पसरते.

२. आधी लघवी करून घ्या. लघवी मिसळली की नमुना पातळ होतो.

३. शी पाण्यात पडू देऊ नका. कमोड असेल तर सीट उचलून भांड्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद सैलसर पसरा, मध्ये खोलगट जागा ठेवा, कडा चिकटपट्टीने धरा आणि सीट खाली घ्या. बसक्या शौचालयात उथळ, कोरडं, टाकाऊ भांडं ठेवणं सोपं. वर्तमानपत्र ओलावा शोषून घेतं, ते नको.

४. झाकणाच्या चमच्याने दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून थोडं थोडं घ्या: वरून, आतून, टोकाकडून. अँटिजेन सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. शी कडक असेल तर फोडून आतल्या भागातूनही घ्या.

५. एकूण साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा पुरेसा होतो. डबी काठोकाठ भरू नका. वायू साठून झाकण उडतं आणि लॅबला ते उघडणं नकोसं होतं.

६. झाकण घट्ट लावा, वेळ लिहा, डबी एका पिशवीत आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला. फॉर्म बाहेरच्या पिशवीत. उरलेली शी शौचालयात टाका, प्लॅस्टिक मात्र टाकू नका, ते वेगळं बांधून कचऱ्यात. हात साबणाने नीट धुवा.

पाण्यासारखे जुलाब होत असतील तर थांबा. अँटिजेन इतका विरळ होतो की खरी लागणही सुटू शकते. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ करणारं औषध किंवा एनिमा घेतल्यावरही हेच होतं, शी पुन्हा घट्ट होईपर्यंत नमुना देऊ नका. बद्धकोष्ठ असेल तर ठरलेल्या दिवशी नमुना मिळेलच असं नाही. त्यासाठी जुलाबाचं औषध घेऊन घाई करण्यापेक्षा एक-दोन दिवस उशीर झालेला बरा. औषधं बंद असण्याचा काळ थोडा वाढल्याने तपासणीचं काही बिघडत नाही.

जेवणाखाण्याचं पथ्य नाही. दिवसाची कुठलीही वेळ चालते. एका वेळचा एकच नमुना पुरतो. जंतांच्या तपासणीसारखं सलग तीन दिवस द्यावं लागत नाही.

लॅबपर्यंतचा प्रवास

त्याच दिवशी, शक्यतो दोन-चार तासांत पोचवा. वेळ लागणार असेल तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा. बहुतेक किट असा नमुना ७२ तासांपर्यंत चालवून घेतात, काहींची मर्यादा यापेक्षा कमी असते. बाहेरच्या तापमानात २४ तासांची मर्यादा सांगितली जाते, पण उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत दोन तास राहिलेल्या डबीला ती लागू होत नाही. उष्णतेत आणि इतर जिवाणूंच्या विकरांपुढे प्रथिनं तुटत जातात आणि अँटिजेन हा प्रथिनांचाच तुकडा आहे. थंड पाऊच लावलेल्या पिशवीतून न्या, बर्फ थेट डबीला लावू नका.

घरच्या फ्रीझरमध्ये नमुना गोठवू नका. लॅब उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानाला एकदाच गोठवतात. घरच्या फ्रीझरचं तापमान वर-खाली होत राहतं. गोठणं आणि वितळणं वारंवार झालं की नमुना खराब होतो.

शनिवारी संध्याकाळी दिलेला नमुना सोमवारी तपासला जाणार असेल तर मधल्या वेळेत तो कुठे ठेवणार, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. त्यापेक्षा सोमवारी सकाळी ताजा नमुना देणं चांगलं.

लॅबमध्ये काय होतं

एलायझामध्ये छोट्या प्लॅस्टिकच्या खळग्यांच्या तळाशी एच. पायलोरीला ओळखणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. नमुना द्रावणात पातळ करून त्यात घालतात, सोबत विकर जोडलेली दुसरी अँटिबॉडी. नमुन्यात अँटिजेन असेल तर तो दोन्हींच्या मध्ये अडकतो. ठरावीक वेळ थांबून खळगा अनेकदा धुतात, मग रंग देणारं द्रावण घालतात आणि यंत्राने साधारणपणे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीला रंगाची तीव्रता मोजतात. किटने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर पॉझिटिव्ह. धुणं नीट झालं नाही की न चिकटलेलं विकर मागे राहतं आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. म्हणून प्रत्येक फेरीत एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत चालवतात.

रिपोर्टवर कधी कधी आकडा छापलेला असतो. तो आकडा मोठा म्हणजे आजार गंभीर, असं नाही. मर्यादेच्या अगदी जवळचा आकडा मात्र सावध करणारा: अशा निकालाला संदिग्ध म्हणतात आणि नव्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करतात. दोन वेगळ्या लॅबच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, मर्यादाच वेगळ्या असतात.

झटपट पट्टी वापरत असाल तर

दवाखान्यात किंवा घरी वापरायच्या पट्टीचं तत्त्व तेच आहे. फक्त मोजमाप डोळ्यांनी होतं. त्यामुळे माणसाच्या चुकांना जागा जास्त.

किट आणि नमुना दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. पट्टीचं पाकीट शेवटच्या क्षणी फोडा, दमट हवेत पट्टी बिघडते. द्रावणाच्या बाटलीच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. ती नमुन्यात चार-पाच ठिकाणी टोचा आणि खाचांत जेवढं बसेल तेवढंच घ्या. जास्त घेतलं तर निकाल जास्त पक्का येईल असं वाटतं, पण होतं उलटं: घट्ट मिश्रण पट्टीत सरकत नाही, पडदा तुंबतो, पार्श्वभूमी तपकिरी होते. काडी परत बाटलीत घालून झाकण लावा, जोरात हलवा, एक-दोन मिनिटं ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. मग टोक मोडून पत्रकात सांगितलेले थेंब, बहुधा २ ते ३, गोल खळग्यात टाका. हवेचा बुडबुडा अडकला तर द्रव पुढे जात नाही.

घड्याळ लावा. बहुतेक पट्ट्या १० मिनिटांनी वाचायच्या असतात. ‘सी’ अक्षरापाशी रेघ आलीच पाहिजे. ती आली नाही तर पट्टी बाद, मग ‘टी’पाशी काहीही दिसो. दोन्हीकडे रेघा असतील तर पॉझिटिव्ह, ‘टी’ची रेघ फिकट असली तरी. फक्त ‘सी’ असेल तर निगेटिव्ह. पत्रकात दिलेली वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळताना उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. कचऱ्यातून पट्टी काढून तासाभराने पुन्हा पाहिली आणि रेघ दिसली म्हणून घाबरू नका.

रिपोर्ट किती खरा मानायचा

मोनोक्लोनल एलायझाची संवेदनशीलता (लागण असलेल्यांपैकी किती जणांना ती पॉझिटिव्ह दाखवते) अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ९४ टक्क्यांच्या आणि विशिष्टता (लागण नसलेल्यांपैकी किती जणांना निगेटिव्ह दाखवते) ९७ टक्क्यांच्या आसपास निघाली आहे. आकडे भक्कम आहेत, पण ते कुणाला लावतो यावर त्यांचा अर्थ बदलतो. १,००० लोकांच्या अशा गटात तपासणी केली जिथे ५०० जणांना लागण आहे, तर ४७० खरे पॉझिटिव्ह आणि १५ खोटे पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट जवळपास नेहमी बरोबर. तीच तपासणी जिथे फक्त १०० जणांना लागण आहे अशा १,००० जणांवर केली, तर ९४ खरे आणि २७ खोटे. आता पॉझिटिव्ह आलेल्या १२१ जणांतले २७ जण नाहक औषधं घेतील. कसलीही तक्रार नसताना, कुठलंही कारण नसताना ‘एकदा करून पाहू’ म्हणून ही तपासणी पॅकेजमध्ये घुसडण्याला विरोध करायचा तो याच गणितामुळे.

औषधांचं कॅलेंडर पाळून, घट्ट नमुन्यावर आलेला निगेटिव्ह रिपोर्ट मान्य करा आणि पोटदुखीचं दुसरं कारण शोधा. कॅलेंडर मोडून आलेला निगेटिव्ह रिपोर्ट फाइलमध्ये राहू द्या, पण त्यावर निर्णय घेऊ नका. अल्सर दुर्बिणीत दिसलेला आहे आणि शौच निगेटिव्ह आहे, अशी विसंगती असेल तर श्वास तपासणी किंवा जठराच्या तुकड्याची तपासणी करून खात्री करतात. दोन वेगळ्या पद्धती एकच सांगत असतील तर मग पुरे.

पॉझिटिव्ह आल्यावर

उपचारात एक पीपीआय आणि दोन किंवा तीन इतर औषधं एकत्र, सहसा १४ दिवस देतात. बिस्मथ, टेट्रासायक्लीन, मेट्रोनिडाझोल आणि पीपीआय असं चौघांचं मिश्रण सध्या अनेक ठिकाणी पहिली निवड आहे, कारण क्लॅरिथ्रोमायसीनला दाद न देणारे जिवाणू वाढले आहेत. डॉक्टरांना एक माहिती आपणहून द्या: पूर्वी कशासाठीही क्लॅरिथ्रोमायसीन किंवा ॲझिथ्रोमायसीन घेतलं होतं का. घेतलं असेल तर क्लॅरिथ्रोमायसीन लागू न पडण्याची शक्यता वाढते. काही प्रयोगशाळा शौचाच्या नमुन्यातल्या डीएनएवरून हा प्रतिकार आधीच ओळखू शकतात. ती तपासणी अँटिजेनपेक्षा वेगळी असते, वेगळी लिहून घ्यावी लागते.

बिस्मथ चालू असताना शी काळी होते. लोहाच्या गोळ्यांनीही होते. हा रंग निरुपद्रवी आहे. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शी आणि सोबत चक्कर किंवा घाम असेल तर तो रक्तस्राव समजून ताबडतोब रुग्णालयात जा.

कोर्स मध्येच सोडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट शांत होतं ते मुख्यतः पीपीआयमुळे. जिवाणू तेव्हा अर्धमेले असतात.

जिवाणू गेला का, हे तपासणं

ही पायरी सर्वात जास्त गाळली जाते आणि खरं तर हीच सगळ्यांसाठी सक्तीची असायला हवी. त्रास थांबला म्हणजे जिवाणू गेला असं नाही, आणि त्रास राहिला म्हणजे जिवाणू राहिला असंही नाही. पुन्हा शौचाचा अँटिजेन तपासायचा, पण अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपून किमान ४ आठवडे झाल्यावर आणि पीपीआय थांबून किमान २ आठवडे झाल्यावर. लवकर केली तर दोन्ही बाजूंनी फसगत होते: मेलेल्या जिवाणूंचे तुकडे अजून पडत असतील तर खोटा पॉझिटिव्ह, आणि दबलेले पण जिवंत जिवाणू असतील तर खोटा निगेटिव्ह. दुसरी चूक जास्त महागात पडते.

समजा १४ दिवसांचा कोर्स ३१ मार्चला संपला. चार आठवडे २८ एप्रिलला पूर्ण होतात. पण अल्सर भरून यावा म्हणून डॉक्टरांनी पीपीआय २५ एप्रिलपर्यंत चालू ठेवलं, तर दोन आठवडे ९ मेला भरतात. नमुना ९ मे किंवा त्यानंतर द्यायचा. दोन तारखांपैकी नेहमी उशिराची तारीख धरायची. मध्ये सर्दी-तापासाठी अँटिबायोटिक घेतलं तर पुन्हा चार आठवडे पुढे ढकला.

निगेटिव्ह आली की हे प्रकरण संपलं. दर वर्षी पुन्हा तपासत बसायची गरज नाही, प्रौढांना पुन्हा नव्याने लागण होणं कमी आढळतं. पॉझिटिव्ह आली तर बाहेरून परत लागण झाली असं समजून घरच्यांवर संशय घेऊ नका. पहिल्या वर्षभरात दिसणारी लागण बहुधा तीच जुनी, औषधाला पुरून उरलेली असते. दुसऱ्या फेरीत तीच औषधं पुन्हा देत नाहीत, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसीन एकदा अपयशी ठरलं तर ते टाळतात. आधी कोणती औषधं, किती दिवस, किती डोस चुकवून घेतली, याचा कागद सोबत न्या. दुसरी फेरीही फसली तर अंदाजाने तिसरं मिश्रण देण्यापेक्षा कोणतं अँटिबायोटिक चालेल याची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

जठराचा अल्सर, विशेषतः मोठा, असेल तर शौच निगेटिव्ह आलं तरी तो भरला का हे पाहायला डॉक्टर पुन्हा दुर्बीण सुचवू शकतात. जठराच्या अस्तरात आधीच बदल झाल्याचं बायॉप्सीत, म्हणजे तुकड्याच्या तपासणीत, निघालं असेल तर ठरावीक वर्षांनी एंडोस्कोपी सुरू राहते. शौचाचा रिपोर्ट जिवाणूबद्दल सांगतो, अस्तराबद्दल नाही.